माल : ऊस

सोलापुरात आमच्या नळाला उन्हाळ्यात पाचव्या दिवशी पाणी येतं. त्यामुळे मी बोट घेतोय हे कळल्यावर दुकानासमोरच्या चहावाल्यानं पहिलाच प्रश्न विचारला, "कुठं चालवणार शेठ, टाकीत?"

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत माझं यंत्रमागाच्या सुट्या भागांचं दुकान आहे. शटल, पिकर, बेअरिंग, पट्टे यातच आयुष्य गेलं. बोटीची हौस माझी नव्हे, मेहुण्याची. करमाळा तालुक्यात उजनीच्या बॅकवॉटरला लागून त्याची शेती आहे. हिवाळ्यापासून एप्रिलपर्यंत तिथं रोहित पक्षी असतात, चित्रबलाक असतात, आणि त्यांच्यामागे हातभर लांब कॅमेरे घेऊन पुण्या-मुंबईची माणसं येतात. ती बहुतेक पलीकडच्या काठाला, भिगवण-कुंभारगावला जातात. मेहुण्याचं म्हणणं, "दाजी, पक्ष्याला काय तालुका कळतो का? आपल्या बाजूलाबी तेवढंच पक्षी हायत. एक लहान बोट घेऊ, चार माणसं फिरवू, दुपारी चिलापीचं कालवण आन् भाकरी. तुम्ही पैसे घाला, मी राबतो." नवी बोट आणि इंजिन परवडणारं नव्हतंच. जुनी घ्यायची ठरली.

हिनं मात्र एक अट घातली. माझी बायको त्या काठावरच वाढलेली. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले, तेव्हा तिच्या माहेरच्या गावात दोन दिवस चूल पेटली नव्हती. ती म्हणाली, "घ्या. पण ज्याला कळतं त्याला दाखवून घ्या. तुम्हाला कळतं असं समजू नका."

मला कळतं असंच मी समजत होतो. फार नाही, पण इंजिन तरी कळतं. तीस वर्षं यंत्रमागाच्या खडखडाटात उभं राहून कान तयार झालेला. कुठल्या मागाचं बेअरिंग गेलंय ते दारातून सांगतो. तेव्हा पहिल्या खेपेला मी आणि मेहुणा दोघंच गेलो. बोट अठरा फुटी, फायबरची, मागे ९.९ हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक इंजिन. इकडे सगळे त्याला ओबीएम, म्हणजे आउटबोर्ड मोटर, म्हणतात. रंग नवा कोरा, पांढरा आणि निळा. वर लोखंडी पाइपचा लहानसा मंडप, खाली पर्यटकांसाठी प्लॅस्टिकच्या सहा खुर्च्या स्क्रूनं ठोकलेल्या. मालकानं दोरी ओढली, दुसऱ्या झटक्याला इंजिन सुरू. आवाज एकसारखा, कुठं खोकला नाही. १ लाख ८५ हजार सांगत होता. मी मनातल्या मनात १ लाख ७० ला सौदा करून टाकला होता.

घरी येऊन हिला सगळं सांगितलं. इंजिन कसं छान वाजलं तेही. तिनं भाजी निवडता निवडता विचारलं, "बुडताना इंजिन बुडतं का बोट?"

मग माणूस शोधायला लागलो. बोटमालकानं स्वतःच एक मिस्त्री सुचवला होता, तोही फुकट. म्हणजे तपासणीचे पैसे तो भरणार. मला त्यात काही गैर वाटलं नव्हतं, हे कबूल करतो. शेवटी भिगवणकडच्या एका मासे व्यापाऱ्याच्या ओळखीनं दुसरे मिस्त्री मिळाले. अलिबागच्या बाजूला फायबरच्या बोटी पाडायच्या कारखान्यात त्यांनी बरीच वर्षं काम केलेलं, आता धरणावरच्या बोटींची दुरुस्ती करतात. फोनवर म्हणाले, "अडीच हजार घेईन आणि पेट्रोल. पैसे तुम्ही द्यायचे, मालकानं न्हाई. ज्याचे पैसे घेतो त्याचंच बघतो. आन् एक करा, येणार हे मालकाला सांगा, पण किती वाजता ते सांगू नका."

यातलं शेवटचं वाक्य मला तेव्हा कळलं नाही.

एप्रिलचा दुसरा आठवडा. पहाटे साडेतीनला सोलापूर सोडलं, टेंभुर्णीला चहा घेतला, उजाडायच्या सुमारास काठावर. काठ म्हणजे तरी काय, उजनी वजा झालेली. बाहेरच्यांना हे वजा प्रकरण समजावून सांगावं लागतं. धरणात एकूण ११७ टीएमसी पाणी मावतं, त्यातलं तळाचं ६३ टीएमसी मृतसाठा धरलेलं. उरलेलं ५३ टीएमसी संपलं की आमचे पेपर उणे टक्के छापायला सुरुवात करतात. पाणी असतंच, फक्त काठापासून लांब जातं. बोट जिथं बांधलेली होती तिथं आता भेगाळलेला गाळ होता, आणि त्या गाळात ती तिरकी रुतून बसली होती. मला वाटलं, खेप वाया गेली. मिस्त्री खूश झाले. "पाण्यात असलेली बोट म्हणजे घुंघटातली नवरी. हिला बाहेर काढायचे कष्ट वाचले."

आल्या आल्या त्यांनी काय केलं असेल? इंजिनाच्या टोपणाखाली हात घातला. थंडगार होतं. "मागल्या बारीला तुमी आलता तेव्हा गरम होतं का?" मला आठवेना. मेहुण्याला आठवलं, चटका बसला होता म्हणाला. म्हणजे आम्ही यायच्या आधी मालकानं इंजिन चालवून गरम करून ठेवलं होतं. गरम इंजिन कुणाच्याही हातानं सुरू होतं. थंड असताना किती झटके लागतात ते बघायचं असतं. एका मोठ्या ड्रममध्ये पाणी भरून त्यात इंजिनाचा पाय बुडवला आणि दोरी ओढली. सात झटके. अगदी वाईट नाही, पण दोनही नाहीत.

पुढचं इंजिनाचं भराभर सांगतो, कारण ते ठीकच निघालं आणि त्यातलं मला समजत होतं. प्लग काढून दोन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजलं, ११० आणि १०५. आकड्यापेक्षा दोन्हींतला फरक महत्त्वाचा, तो दहा टक्क्यांच्या आत असला की चालतं. इंजिन चालू असताना मागून थंड करणाऱ्या पाण्याची बारीक धार बाहेर यायला हवी; मिस्त्रींच्या भाषेत "मुततंय का बघा". मुतत होतं, जोरात. मग पंख्यापाशी आले. खालच्या गिअरपेटीचा स्क्रू सैल केला आणि तेल बोटावर घेतलं. तेल पिवळसर असायला हवं, फार तर काळपट. हे दुधाच्या चहासारखं होतं. पाणी आत गेलंय. पंखा उतरवला, तर मागे शाफ्टवर तंगूस गुंडाळलेला, बोटभर जाडीचा. जाळ्याचा तुटका दोरा पंख्यात अडकतो, गुंडाळत गुंडाळत आत सरकतो आणि ऑइल सील कापतो. मिस्त्रींनी तो चाकूनं कापून काढला, मालकाच्या हातात ठेवला. मालक म्हणाला, "चालायचंच, धरणात जाळी असत्यात." खरं होतं. सील दोन-चारशेचं काम. गिअरचे दात बघितले, गंजले नव्हते. माझा जीव भांड्यात पडला. मला वाटलं झालं.

मिस्त्रींनी खिशातून खडू काढला आणि म्हणाले, "आता बोट बघू."

इंजिन उतरवून बोट टायरींवर ठेवायची होती, म्हणजे बूड दिसेल. सहा माणसं लावली. हलेना. गाळानं धरलंय म्हणून भोवतालचा गाळ फोडला. तरी हलेना. बाजूच्या वस्तीवरून आणखी दोघांना हाक मारली, तेव्हा आठ जणांनी कण्हत-कुथत ती टायरींवर चढवली. मिस्त्री बाजूला उभे राहून फक्त बघत होते. मला वाटलं, माणूस अंगचोर आहे. नंतर कळलं, ते माणसं मोजत होते.

मग त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर उलटा धरला आणि त्याच्या मुठीनं बोट वाजवायला सुरुवात केली. पुढच्या टोकापासून, वीतभर अंतरावर एक-एक ठोका. टण. टण. टण. फायबरची बोट म्हणजे काचेच्या धाग्यांच्या चटया रेझिनमध्ये बुडवून एकावर एक चिकटवलेल्या. थर घट्ट असले की आवाज खणखणीत. थर सुटले, मधे पाणी शिरलं, की आवाज बसतो. मला त्यांनी जवळ बोलावलं. "शेठ, सोलापूरचे ना तुम्ही? कडक भाकरी वाजवून बघता का न्हाई?" बघतो की. कडक भाकरी नखानं वाजवली तर पत्र्यासारखी वाजते आणि पावसाळ्यात सादळली की मुकी होते. "हां. तेच ऐका."

ऐकत गेलो. पुढचा भाग, दोन्ही कुशी, सगळं कडक. बुडाशी उजव्या बाजूला हातभर पट्ट्यात आवाज जरा वेगळा, सादळलेला नव्हे, पण ठस. तिथं त्यांनी मालकाला विचारून पॉलिशपेपर घासला. नव्या पांढऱ्या रंगाखालून गुलाबी पुट्टी निघाली. गाडीला डेंटिंगनंतर मारतात तीच. दगडावर आपटून गेलेली चीर फायबरची चटई न लावता नुसत्या पुट्टीनं भरून वर रंग मारलेला. कोपऱ्यांवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा होत्या. त्यांवर कपड्याला घालायची निळ पाण्यात कालवून चोळली आणि पुसली. काही रेघा पुसल्या गेल्या, काहींत निळ बसून राहिली. राहिली त्या खोल. पण त्याही वरच्या थरातच होत्या, घाबरण्यासारख्या नव्हेत.

मागच्या फळीला लागले तेव्हा मिस्त्रींना काही सांगावं लागलं नाही. मी दहा फुटांवर उभा होतो. टण, टण, आणि मग भद्द. पुन्हा भद्द. इंजिन जिथं अडकवतात ती मागची उभी फळी, ट्रान्सम म्हणतात तिला, बाहेरून फायबरचीच दिसते पण आत प्लायवूडचा जाड गाभा असतो. इंजिनाचं वजन, त्याचा धक्का, पाण्याचा रेटा, सगळं तीच सोसते. डाव्या बाजूला अर्धी फळी मुकी होती. मिस्त्रींनी खडूनं तिच्याभोवती रेघ ओढली. नकाशासारखी आकृती झाली.

"इथं एक बारीक भोक पाडून बघतो," ते म्हणाले.

"भोक?" मालक तडकला. "माझी बोट हाय अजून. पैसे मोजा, मग भोकं पाडा न्हाईतर फोडून खा."

तो चुकीचं बोलत नव्हता. मीसुद्धा गिऱ्हाइकाला दुकानात बेअरिंग फोडून बघू देणार नाही. मिस्त्रींनी वाद घातला नाही. इंजिन उतरवल्यावर फळीतली बोल्टची भोकं मोकळीच होती. खालच्या भोकात त्यांनी एक लांब बारीक तार घातली, आत फिरवली आणि बाहेर काढली. तारेच्या टोकाला काळपट, ओला भुसा. मग भोकाखाली तळहात धरून फळीच्या वरच्या अंगाला बुक्की मारली. भोकातून चहाच्या रंगाचं पाणी आलं. थेंब थेंब नव्हे, ओघळ. बोट तीन आठवडे कोरड्या उन्हात पडून होती.

मालक त्या ओघळाकडे बघत होता. मला वाटतं त्यालाही हे माहीत नव्हतं. रंग मारून लपवायची पुट्टी त्याला माहीत होती, फळीचं नव्हतं. बोल्ट बसवताना भोकाच्या कडेला सीलंट भरायचं राहून गेलं, एवढ्याच कारणानं दर फेरीला थोडं थोडं पाणी आत जात राहिलेलं.

मिस्त्री आता खाली वाकून खुर्च्यांचे स्क्रू बघत होते. "हे कुणी ठोकले?" मालकानंच ठोकले होते, पर्यटकांना बसायला. बोटीचं तळ आणि वरची फरशी यांच्यामध्ये पोकळी असते, तिच्यात फोम भरलेला असतो, बोट पाण्यानं भरली तरी तरंगत राहावी म्हणून. सहा खुर्च्या, चोवीस स्क्रू, मंडपाचे आठ. बत्तीस भोकं थेट त्या फोममध्ये. पावसाचं पाणी, लाटेचं पाणी, चिखलाच्या पायांवर ओतलेल्या बादल्या, सगळं त्या भोकांतून खाली. वर यायला वाट नाही. मिस्त्री म्हणाले, "आठ माणसं लागली उचलायला. रिकामी अठरा फुटी बोट सहा जणं हसत उचलत्यात. बाकीचं वजन कशाचं? काट्यावर घालू."

काटा म्हणजे वजनकाटा. सोलापूर जिल्ह्यात दर दहा मैलांवर साखर कारखाना, आणि कारखान्याच्या काट्यावर कुणाचाच विश्वास नसल्यामुळे रस्त्यावर जागोजागी खाजगी काटे. शेतकरी आधी तिथं ऊस जोखून बघतो, मग कारखान्यात जातो. तेव्हा मेहुण्याच्या ट्रॅक्टरला ट्रॉली जोडली, त्या आठ जणांनीच बोट ट्रॉलीत चढवली, मालक त्याच्या मोटरसायकलवर मागे. गाळप हंगाम संपलेला, काट्यावर कुत्रं नव्हतं. काटेवाला झोपेतून उठून आला, ट्रॉलीत बघितलं आणि मला म्हणाला, "हे कुठल्या कारखान्याला?"

भरलेली ट्रॉली जोखली, बोट खाली उतरवून रिकामी जोखली. फरक निघाला ४१० किलो. मिस्त्रींनी अलिबागकडच्या आपल्या जुन्या उस्तादांना फोन लावला. त्याच साच्याची बोट इंजिनाशिवाय २६० ते २७० किलो भरते म्हणाले. काटा दहा-दहा किलोनं सरकतो, त्यामुळे थोडं इकडंतिकडं धरलं तरी सव्वाशे किलो पाणी. म्हणजे आधीच दोन माणसं बोटीत बसलेली, जी कुणाला दिसत नाहीत आणि उतरतही नाहीत. आणि जो फोम बोटीला बुडू देणार नाही म्हणून घातला, तोच ते पाणी धरून बसलेला.

काटेवाल्यानं पन्नास रुपये घेतले आणि चिठ्ठी दिली. वाहन क्रमांक, भरलेलं वजन, रिकामं वजन, निव्वळ वजन. माल : ऊस. मी म्हटलं, अहो, ऊस काय? तो म्हणाला, संगणकात तेवढंच येतंय.

मालकाचा चेहरा पडला होता. तरी त्यानं शेवटचा प्रयत्न केला. "सहा लाइफ जॅकेट फुकट देतो." मिस्त्रींनी त्यातलं एक दाबून बघितलं, आतला फोम बिस्किटासारखा चुरचुरला. पाण्याच्या हौदात दोन विटा बांधून सोडलं. दोन विटांचा भार चांगल्या जॅकेटाला काहीच नसतो. हे मिनिटभर डुलत राहिलं आणि मग संथपणे तळाला गेलं. मेहुणा एरवी बडबड्या. परतीच्या वाटेवर जेऊर येईपर्यंत एक शब्द बोलला नाही.

आता कागदांचं. ते मी खरं तर आधी बघायला हवं होतं. मालकाकडे इंजिनाचं बिल होतं आणि ब्रॅकेटवरच्या पत्र्यावरचा नंबर बिलाशी जुळला. बोटीची नोंदणी नव्हती. देशातल्या नद्या-धरणांवर इंजिनावर चालणाऱ्या बोटींसाठी पूर्वी १९१७ चा कायदा होता, त्याच्या जागी २०२१ चा आला. बोट नोंदवायची, सरकारी सर्वेक्षकाकडून तिचा सर्व्हे करून घ्यायचा, आणि किती माणसं बसवायची ते ठरतं त्या कागदावर. आपल्या राज्यात हे काम महाराष्ट्र सागरी मंडळाकडे. माझ्या वकिलाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "सोलापुरात सागर कुठं आणला आता?" शिवाय धरणाच्या पाण्यात बोट फिरवायची तर जलसंपदा विभागाची परवानगी वेगळी. मिस्त्रींनी मला बजावलं, "माझी तपासणी म्हंजे सरकारी सर्व्हे न्हवं. ते त्यांच्या जागी. मी फक्त सांगतो, घ्यायची का न्हाई."

"मग घ्यायची का नाही?"

यावर ते बराच वेळ बोलले नाहीत. मग हिशोब मांडला, चिठ्ठीच्या मागच्या बाजूला. मागची फळी नवी : मरीन प्लाय, चटई, रेझिन, मजुरी. फरशी कापून फोम काढायचा, ती बंद करायची. बुडाची चीर नीट भरायची. सील. बेरीज ३८ हजार. "साचा चांगला हाय. कुशी चांगल्या. इंजिन चांगलं. फळी आन् पोट सडलंय. फळी आन् पोट बदलता येतं. पण आधी बदलायचं, मग पाण्यात घालायची. आता घेऊ, पावसाळा झाला की बघू, असं करणार असाल तर घेऊ नका. मग मला फोनबी करू नका."

मालकानं दोन दिवस फोन उचलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याचाच आला. दुसरं गिऱ्हाईक होतं म्हणे, १ लाख ६० ला. मी म्हटलं, त्याला काट्याची चिठ्ठी दाखवा. तिकडून बराच वेळ काही आवाज नाही. शेवटी १ लाख ३८ हजारांना ठरलं, बोट, इंजिन, मंडप. खुर्च्या त्याच्या त्याला. जॅकेट नकोत म्हणून सांगितलं. मला अजून वाटतं, आणखी पाच-सात हजार सुटले असते. पण तो ओघळ बघताना त्याचा चेहरा मी पाहिला होता, जास्त ताणवलं नाही.

मे महिन्यात मेहुण्याच्या गोठ्यात काम निघालं. वेळ पहाटे पाच ते आठ. उन्हात पारा चाळिशीच्या वर गेला की रेझिन हातातच भडकतं. डबा गरम होतो, वाफा येतात आणि चटईवर लावायच्या आत दगड होऊन बसतं. मिस्त्री हार्डनर मोजूनमापून, नेहमीपेक्षा कमी घालत होते. मी दोन दिवस दुकान बंद ठेवून गेलो, मला ती फळी बघायची होती.

आतल्या अंगानं ग्राइंडरनं चौकोन कापला. फायबरचा पापुद्रा पाट्यासारखा सुटून आला. आत प्लायवूड नव्हतंच. रसवंतीच्या चरकातून तिसऱ्यांदा निघालेलं चिपाड असतं ना, तसा तांबूस, ओला, धागे धागे सुटलेला चोथा. मिस्त्रींनी खुरप्यानं नाही, हातानं काढला. मुठीत दाबला की पाणी गळत होतं. दोन पाट्या भरल्या. या चोथ्यावर चाळीस किलोचं इंजिन टांगलेलं होतं, आणि ते मी पूर्ण जोरात चालवायला लावून, वा काय आवाज आहे, म्हणालो होतो. उजव्या कोपऱ्यात वीतभर लाकूड कडक उरलेलं. तेवढ्यावर सगळा संसार.

फरशीखालचा फोम पावाच्या लादीसारखे चौकोन कापून काढला. पिळला की उजनीचा तो ओळखीचा वास. वरून पुण्याकडून काय काय वाहत येतं ते उजनीच्या काठच्या माणसाला नाकानं कळतं. मेहुण्याची आई, म्हणजे माझ्या सासूबाई, गोठ्याच्या दारातून म्हणाल्या, "हे पाणी तुमच्या सोलापूरला पिता न्हवं?" मी विषय बदलला. नवा फोम भरायला मिस्त्रींनी नकार दिला. त्याऐवजी घट्ट झाकणाचे पाच-पाच लिटरचे रिकामे कॅन, झाकणं सीलंट लावून बंद केलेले, दाबून बसवले. एखादा फुटला तरी बाकीचे शाबूत. बसायला आता आडव्या फळ्या आहेत, त्या कुशींना चिकटवलेल्या. फरशीत एकही स्क्रू नाही. यावर मिस्त्री फार कडक होते. मेहुण्यानं बॅटरीचा दिवा लावायला एक स्क्रू मारू का विचारलं तर म्हणाले, "स्वतःच्या डोक्यात मार."

सगळं वाळल्यावर हिच्या सांगण्यावरून पुन्हा काट्यावर नेली. ती स्वतः ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून आली. काटेवाल्यानं ओळखलं. या वेळी भरून-रिकामी फरक २९० किलो. कॅन, नवी फळी आणि आडव्या बसायच्या फळ्या धरून बरोबर होतं. तिनं चिठ्ठी हातात घेतली, नीट वाचली आणि काटेवाल्याला विचारलं, "ऊस खोडून बोट लिहिता येईल का? सर्व्हेच्या फायलीला लावायची आहे."

तो म्हणाला, "खाडाखोड चालत न्हाई, वैनी. पायजे तर खाली शेरा मारतो." आणि पेनानं खाली लिहून दिलं : ऊस नसे. बोट असे.